ऑइलचा दाब जातो कुठे?

डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चित्र पेटलं की बहुतेकांना वाटतं, ऑइल कमी झालं. पण हा दिवा ऑइलची पातळी पाहत नाही, दाब पाहतो. बऱ्याच गाड्यांत दाब 0.3 ते 0.5 बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास उतरल्यावरच तो पेटतो, म्हणजे इशारा मिळतो तोच उशिरा. तेव्हा गाडी बाजूला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा.

हा दाब ऑइल फिरवणारा पंप तयार करतो असं वाटतं, पण खरं तर पंप दाब तयार करतच नाही. तो प्रत्येक फेऱ्यात ठरावीक ऑइल पुढे ढकलतो, एवढंच. ते क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला आधार देणारं बेअरिंग यांच्यामधल्या फटीतून निसटताना अडतं आणि या अडण्यातून दाब उभा राहतो. फट असते जेमतेम 0.03 ते 0.06 मिलिमीटर. गळती मात्र फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फट झिजून दुप्पट झाली, तर गळती आठपट! मग धडधाकट पंपही पुरा पडत नाही. दाब कमी म्हटल्याबरोबर 'पंप बदलू' म्हणणाऱ्या मेकॅनिकला म्हणूनच आधी विचारावं, दाब मोजला का?

शाफ्टला तोलून धरणारा दाब तर वेगळाच. 1883 च्या सुमारास बीचम टॉवर हे ब्रिटिश अभियंते बेअरिंगवर प्रयोग करत असताना माथ्यावरच्या भोकातून ऑइल आपोआप वर येऊ लागलं. भोकात बूच ठोकलं, तर तेही बाहेर ढकललं गेलं. फिरता शाफ्टच ऑइल फटीत खेचून स्वतःला उचलून धरत होता. पंपाचं काम त्या फटीला सतत ऑइल पुरवत राहण्याचं.

तपासणी डिपस्टिकपासून, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीपासून, सुरू होते. पातळी कमी असेल तर वळणावर किंवा ब्रेक मारताना पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो. पातळी वाढलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास, म्हणजे इंधन मिसळून ऑइल पातळ झालंय.

पातळी ठीक असेल तर संशय दिवा पेटवणाऱ्या दाबाच्या सेन्सरवर. तो काढून त्या जागी साधा यांत्रिक गेज बसवतात आणि इंजिन चांगलं तापल्यावरच आकडा वाचतात, कारण थंड, घट्ट ऑइल खोटा दिलासा देतं. तापलेल्या इंजिनात आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) साधारण 1 बार ठीक समजतात, पण शेवटचा शब्द त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. गेजवर दाब व्यवस्थित, तर दोष सेन्सरचा किंवा वायरिंगचा. आयडलला कमी पण रेस केल्यावर चढतो, तर झिजलेली बेअरिंग किंवा पातळ ऑइल. रेस करूनही चढत नाही, तेव्हा उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारी झडप), गाळाने तुंबलेली पंपाची जाळी किंवा खुद्द पंप.

बेअरिंगचा संशय असेल तर जुना फिल्टर कापून कागदी घड्या उलगडून बघतात. चमचमणारा चुरा दिसला की त्यावर चुंबक फिरवायचं. चिकटला तर लोखंड-पोलाद. न चिकटणारा तांबूस किंवा रुपेरी चुरा मात्र बहुधा बेअरिंगचाच, आणि मग ऑइल चेंबर खोलण्याला पर्याय नाही.