जुन्या पिकअपच्या सस्पेन्शन-स्टेअरिंग कामाची मजुरी (गोवा)

जुन्या पिकअपचं सस्पेन्शन किंवा स्टेअरिंग उघडायच्या आधी गॅरेजवाला किती तास लागतील नि मजुरी किती होईल ते सांगतो, त्यालाच एस्टिमेट म्हणतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात प्रत्येक कामाचे तास ठरलेले असतात, त्याला तासाच्या दराने गुणायचं, वर १८ टक्के जीएसटी. फोंडा, डिचोली, म्हापशाच्या लहान गॅरेजांत मात्र बहुतेक उक्तं काम, मेस्त्री गाडीखाली जाऊन बघतो आणि एक आकडा सांगतो.

ठरलेले तास नव्या, स्वच्छ गाडीचे असतात. पंधरा वर्षांच्या गाडीत पार्ट बसवायला वेळ लागत नाही, जुना काढायला लागतो, मजुरी खरी त्याचीच असते. गोव्यात एक तर पाऊस भरपूर, त्यात समुद्राची खारी हवा, आणि मासळीची पिकअप असेल तर बघायलाच नको, मालीम नाहीतर कुटबण जेटीवरून बर्फात मासळी भरून निघाली की खारं पाणी हौद्यातून थेट मागच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंग), पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या शॅकलवर नि पाटे अ‍ॅक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टवर गळत राहतं. मग शॅकलची पिन बुशातच, म्हणजे ती ज्या नळीत बसते तिथेच, जाम होते, तेल मारून रात्रभर ठेवली तरी हलत नाही, शेवटी गॅस कटर. चिरे वाहणाऱ्या गाडीचे पाटे वजनाने दबलेले असतात, कधी ते एकत्र धरणारा सेंटर बोल्टही तुटलेला असतो, पण नट त्यामानाने सुटतात. म्हणून गाडी काय वाहते हे आधी विचारावं.

आकडा सांगण्याआधी पुढचं चाक जॅकवर उचलून हलवून बघतातच. वर-खाली हललं तर किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती), बॉल जॉइंट (तेच काम करणारा गोळ्याचा सांधा) नाहीतर बेअरिंग, डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा). ब्रेक दाबून धरल्यावर हा खेळ (हलणं) गेला तर बेअरिंगच, हे न बघता किंगपिनची मजुरी लावणं मला चुकीचंच वाटतं, कारण किंगपिनचं काम मोठं, जुनी पिन ठोकून किंवा प्रेसवर काढायची, नवीन बुश रीमरने मापात आणायचे, आणि लेथवाल्याकडे पाठवलं तर त्याचे पैसे वेगळे.

चाक एकदाच उतरतं. त्यामुळे त्याच बाजूचा टाय रॉड एंड, बॉल जॉइंट नि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र केले तर तीन वेगळ्या मजुऱ्या लावू नयेत, पण टाय रॉड एंड बदलला की चाकांचं अलाइनमेंट आलंच, ते धरावंच लागतं.

चांगला मेस्त्री दोन आकडे देतो, एक बोल्ट सरळ सुटले तर, दुसरा कापावे लागले तर, आणि कापायच्या आधी फोन करतो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलं की भांडण होत नाही. ८ वर्षांवरच्या कमर्शियल गाडीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे लोक त्याच्या तपासणीच्या, म्हणजे पासिंगच्या, दोन दिवस आधी गाडी आणतात, तेव्हा जाम पिनला वेळच उरत नाही.

रबर बुशचे बोल्ट गाडी खाली उतरवून, वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळायचे, हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं नि लवकर फाटतं. नवीन यू-बोल्ट दोन-चार दिवस माल वाहून झाल्यावर परत आवळायला गाडी बोलवावी लागते, त्याची मजुरी वेगळी घेत नाहीत, पहिल्याच आकड्यात धरलेली असते.