भिंत वाढवण्याआधी कुत्र्याकडे बघा

मे महिन्यात सोलापूरची काळी माती कशी भेगाळते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी आमच्या जुळे सोलापुरातल्या अंगणात अशीच एक भेग फाटकाखालून गेली. चार बोटं सहज शिरतील एवढी. आमचा वाघ्या दोन दिवस दुपारभर तिथं नाक लावून पडायचा. तिसऱ्या दिवशी बघतो तर कडेची ढेकळं ओरबाडून बाजूला काढलेली, फाटकाच्या खालच्या पट्टीला तांबड्या केसांचा झुपका अडकलेला आणि कुत्रा पसार.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, पाणी उडालं की आकसते आणि तडकते. वर्षानुवर्षं चाललेल्या या ओढाताणीत कुंपणाचे खांब कलतात, फाटकाखाली फट पडते. म्हणून इथलं कुंपण एकदा घातलं आणि सुटलो, असं होत नाही. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा गुडघ्यांवर बसून कडेकडेनं फिरावं. उभ्यानं जे दिसत नाही ते कुत्र्याच्या उंचीवरून लगेच दिसतं.

भेगेनं वाट दिली. जावंसं का वाटलं, हे मात्र कुत्र्याकडे बघूनच कळतं.

वाघ्या कारवानी वळणाचा आहे. हे कुत्रे नजरेनं शिकार करणारे. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर. लांबवर काही हललं की पाय आपोआप सुटतात. अशा कुत्र्यापुढं तारेची जाळी लावली तर दिवसभर त्याच्यासमोर आमिष हलवल्यासारखं होतं. शेळी गेली, मांजर गेलं, सायकलवरचं पोर गेलं, प्रत्येक वेळी हा जाळीला भिडणार. आम्ही रस्त्याच्या बाजूला त्याच्या नजरेच्या वरपर्यंत सिमेंटचे पत्रे लावले, तेव्हा त्याचं जाळीवर झेपावणं आठवड्याभरात निम्म्यावर आलं. या कुत्र्यांची मान जवळजवळ डोक्याएवढीच जाड असते, म्हणून साधा पट्टा मागं ओढला की सर्रकन निसटतो, हेही ध्यानात ठेवावं.

वासामागं जाणाऱ्या कुत्र्याला आडोशाचं काही वाटत नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. भिंतीपलीकडं काय चाललंय ते त्याला न बघता कळतं. भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं आपल्या भाषेतही मुरलेलं आहे. माजावर आलेल्या मादीचा वास लागला की एरवी शहाणा असलेला नरही भिंत चढतो. नसबंदीनं असं भटकणं बऱ्याच नरांत कमी होतं. भीतीनं पळणाऱ्याला मात्र तिचा उपयोग नाही.

आणि भीती हे पळण्याचं सगळ्यात वाईट कारण. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, ते आपण डोळे भरून बघतो. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० पर्यंतचे, आणि आपल्या कानाला न लागणारे बारीक आवाजही त्याला ऐकू येतात. घाबरलेला कुत्रा कधी न मारलेली उडी मारतो, पायाची नखं निघेपर्यंत दार ओरबाडतो. त्या संध्याकाळी त्याची जागा घरात, खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून, माणसाजवळ. जवळ घेतल्यानं भित्रेपणा वाढतो असं म्हणतात, ते खरं नाही. भीती ही भावना आहे, लाडानं लागणारी सवय नाही.

खणण्याचं कारणही बघावं. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळव्यात असतात, अंग थंड करायला त्याला धापाच टाकाव्या लागतात. चाळिशीपार गेलेल्या दुपारी सावलीत मधोमध खड्डा केला असेल तर त्याला गारवा हवाय. लिंबाखाली ओली वाळू पसरून द्या. कुंपणाच्या कडेला खणत असेल तर त्याला बाहेर जायचंय.

आमची खरी चूक पुढं झाली. वाघ्या भिंतीवरून जायला लागला तेव्हा आम्ही विटांचा एक थर चढवला. तो तेवढी उडी शिकला. आणखी एक थर, आणखी थोडी उंच उडी. बक्षीस कधी मिळतं, कधी मिळत नाही, अशी सवय सुटायला सगळ्यात कठीण, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगशाळेत कबुतरांवर दाखवलं होतं. आम्ही घरच्या अंगणात वाघ्याला तेच शिकवत होतो. वाढवायची तर उंची एकदाच वाढवावी, त्याला प्रयत्न करावासाच वाटू नये इतकी. किंवा माथ्यावर आतल्या बाजूला कललेली जाळी लावावी, म्हणजे खालून बघताना डोक्यावर छत आल्यासारखं वाटतं. खणणाऱ्यासाठी तळाशी जाळी आतल्या बाजूला दोन फूट आडवी पसरून वर दगड-माती टाकायची. भिंतीलगतचा धुण्याचा दगड, पाण्याचं पिंप, विटांचा ढीग हलवा. ती त्याची शिडी असते. फाटकाच्या आत दुसरं लहान फाटक केलं तर दूधवाल्याच्या पायांतून निसटणं थांबतं.

भिंतीवर काचा नकोत, आणि भिंतीलगत साखळीनं बांधणं तर मुळीच नको. उडी मारून पलीकडं गेलेला बांधलेला कुत्रा गळफास बसून मरतो. कायमच्या बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याकडं दुर्लक्ष करणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

दिवसभर कोंडलेल्या नाकाला काम द्या. आई भाकरीचे तुकडे अंगणभर लपवते, वाघ्या अर्धा तास हुंगत फिरतो आणि मग गाढ झोपतो. भाकरी कोरडीच. शेंगाचटणीतला लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो.

त्या मे महिन्यात तो रात्री साडेदहाला परत आला, पायात काटे, जीभ लोंबत. माझा हात उगारला होता. आईनं धरला. कुत्र्याला मार ज्या क्षणी बसतो, त्या क्षणीच्या गोष्टीशी तो जोडतो. दुपारचं पळणं त्याच्या डोक्यात कुठंच नसतं, असतं ते फाटकातून आत येणं. आईनं पाण्याची परात पुढं सरकवली, त्याचा पंजा मांडीवर घेतला आणि चष्मा लावून एकेक काटा काढत बसली.