फर्मान पातशहाचं, डोंगर आमचे: जेम काराजावरच्या चित्रपटाची पार्श्वभूमी

2024 च्या जानेवारीत तुर्कस्तानात एक चरित्रपट लागला. त्याच्या नावाचा अर्थ ‘जेम काराजाचे अश्रू’. दिग्दर्शक युक्सेल आक्सू, आणि जेम काराजा या तुर्की रॉक गायकाच्या भूमिकेत इस्माईल हाजिओलू. तिथल्या प्रेक्षकाला हे नाव वाचताच एक चाल आठवते, कारण ‘चित्रातले अश्रू’ हे काराजाचं 1968 मधलं गाजलेलं प्रेमगीत. आपल्याला ती चाल आठवणार नाही. आपल्याकडे त्याचं नावही बहुधा ‘सेम कराका’ असं वाचलं जाईल. 1928 मध्ये तुर्की भाषेने अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली, तेव्हा ‘ज’च्या उच्चारासाठी ‘सी’ हे अक्षर ठरलं. म्हणून जेम, आणि म्हणून काराजा.

गायकांवरचे चरित्रपट तुर्कस्तानात चांगले चालतात. 2018 मध्ये मुस्लुम गुर्सेसवरचा चित्रपट 60 लाखांहून अधिक लोकांनी थिएटरात जाऊन पाहिला. 2022 मध्ये बेर्गेन या गायिकेवरच्या चित्रपटाला 50 लाखांवर प्रेक्षक मिळाले. हे दोघे ‘अराबेस्क’ म्हणजे अरबी वळणाची दर्दभरी गाणी गाणारे, आणि त्यांची दुःखं गरिबीची, घरातल्या मारहाणीची, फसलेल्या संसाराची. काराजाच्या दुःखात मात्र सरकार आहे, राजपत्र आहे, पासपोर्ट आहे. ते समजून न घेता हा चित्रपट पाहिला, तर पडद्यावर फक्त एक लांब केसांचा, रडणारा माणूस दिसेल. म्हणून ही सगळी हकिकत.

सुरुवात काराजाच्या जन्माच्या बरीच आधी करावी लागते. अतातुर्क यांच्या प्रजासत्ताकाला सगळंच नवं हवं होतं: लिपी, टोपी, कायदे, आणि संगीतसुद्धा. झिया ग्योकाल्प या विचारवंताने त्यासाठी सूत्र मांडून ठेवलं होतं. त्याच्या मते उस्मानी (ऑटोमन) दरबाराचं संगीत परकं होतं आणि खरं राष्ट्रीय संगीत खेड्यापाड्यांत होतं. खेड्यातल्या चाली गोळा करायच्या, त्यांना युरोपच्या पद्धतीने बसवायचं, की नव्या राष्ट्राचं संगीत तयार. 1934 मध्ये रेडिओवरून दरबारी परंपरेचं संगीत बंदच करण्यात आलं आणि ती बंदी दीडेक वर्षाहून अधिक काळ टिकली. 1936 मध्ये हंगेरीचे संगीतकार बेला बार्तोक यांना बोलावण्यात आलं. संगीतकार अदनान सायगुन यांना सोबत घेऊन ते दक्षिणेतल्या अदाना आणि ओस्मानियेच्या मुलखात हिंडले, आणि भटक्या योरुक टोळ्यांची गाणी त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केली. त्या मुलखाचं नाव लक्षात ठेवा, आपण तिथे परत येणार आहोत.

हे सूत्र तीसेक वर्षांनी इलेक्ट्रिक गिटारच्या हाती लागलं. 1964 मध्ये तुलाय गेरमान हिने शेतात राबणाऱ्या सुनेचं एक लोकगीत नव्या वाद्यांवर गायलं आणि ते लोकांना आवडलं. पुढच्या वर्षी ‘हुर्रियेत’ या दैनिकाने ‘सोनेरी मायक्रोफोन’ नावाची स्पर्धा सुरू केली. तुर्की चाली आणि तुर्की शब्द पाश्चात्त्य वाद्यांवर सादर करा, अशी तिची अपेक्षा होती. एल्व्हिसची नक्कल करणारी शहरी पोरं त्यामुळे अचानक लोकगीतांची बाडं धुंडाळू लागली. जेम काराजा त्यांतलाच एक.

त्याचा जन्म इस्तंबूलचा, 5 एप्रिल 1945 चा. वडील मेहमेत काराजा अझरबैजानी वंशाचे रंगभूमीवरचे नट. आई इर्मा फेलेक्यान आर्मेनियन, आणि तीही रंगभूमी गाजवणारी. लोक तिला तोतो काराजा म्हणून ओळखायचे. मुलाचं शिक्षण रॉबर्ट कॉलेज या अमेरिकी शाळेत झालं. म्हणजे इंग्रजी तोंडात, नाटक रक्तात, आणि घरातच दोन धर्म. वडिलांना मुलाचं रॉक गाणं मान्य नव्हतं. काराजाची गाणी ऐकताना आवाजाइतकाच नट ऐकू येतो, तो या घरातला. शब्द कुठे तोडायचा, कुठे कुजबुजायचं आणि कुठे गर्जायचं, हे त्याने बहुधा पडद्यामागे उभं राहून शिकून घेतलं असावं.

1967 च्या ‘सोनेरी मायक्रोफोन’मध्ये आपाशलार या बँडसोबत त्याने दुसरा क्रमांक मिळवला. गाण्याचे शब्द एर्झुरुमच्या एमराह या 19 व्या शतकातल्या ‘आशिक’चे होते. तुर्कीत आशिक म्हणजे साज नावाचं लांब मानेचं तंतुवाद्य घेऊन गावोगाव गाणारा लोककवी. शेवटच्या कडव्यात तो स्वतःचं नाव गुंफतो, आपल्याकडच्या संतांच्या आणि शाहिरांच्या नाममुद्रेसारखंच. आपला ‘शाहीर’ आणि तुर्कीतला कवी या अर्थाचा ‘शाइर’ हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळापासून फुटले आहेत.

मग 1970 आलं. कार्दाशलार (म्हणजे भावंडं) या नव्या बँडसोबत काराजाने दादालोलूचं काव्य रेकॉर्ड केलं, आणि माझ्या मते त्याच्या आयुष्याची दिशा इथे ठरली. दादालोलू हा आवशार टोळीचा कवी. 1865 मध्ये उस्मानी सरकारने दक्षिणेत ‘सुधारणा फौज’ नावाचं सैन्य पाठवलं. कर वसूल व्हावा आणि लष्करात भरती करता यावी म्हणून डोंगरात उन्हाळा आणि सपाटीवर हिवाळा काढणाऱ्या टोळ्यांना एका जागी बसवायचं, हे तिचं काम. जे बसले, त्यांतले कितीतरी सपाटीवरच्या हिवतापाने गेले. त्या लढ्यात दादालोलू गायला: फर्मान पातशहाचं, डोंगर आमचे. तुर्की मूळ ओळीतही ‘फेरमान’ आणि ‘पादिशाह’ हेच शब्द आहेत, मराठी वाचकाला त्यांचं भाषांतर करून द्यावं लागत नाही.

आणि तो मुलूख कोणता? बार्तोक ज्या भागात मेणाची नळकांडी घेऊन हिंडले, तोच. सरकारला त्या डोंगरातली चाल हवी होती. काराजाने चालीबरोबर तिच्यातला राग उचलला. खेड्यातून घ्या आणि आधुनिक करा, हे सूत्र त्याने इतरांपेक्षा प्रामाणिकपणे पाळलं आणि त्यातूनच तो सत्तेला नकोसा झाला. 1970 साली ही ओळ गर्जून म्हणणाऱ्या तरुणांना पातशहा कोण आणि फर्मान कोणाचं, हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

तो काळच तसा होता. 1960 मध्ये लष्कराने सरकार उलथवलं, पण त्यानंतरच्या 1961 च्या राज्यघटनेने कामगारांना संपाचा हक्क दिला. मजूर पक्ष निघाला, 1967 मध्ये ‘दिस्क’ हा डावा कामगार महासंघ उभा राहिला. 12 मार्च 1971 ला लष्कराने पुन्हा दटावलं आणि 6 मे 1972 ला देनिझ गेझमिश हा विद्यार्थी नेता दोन साथीदारांसह फासावर गेला. त्याच वर्षी काराजा मोगोल्लार या नावाजलेल्या बँडमध्ये गेला आणि 1974 मध्ये त्याने देर्विशान हा स्वतःचा बँड काढला. देर्विशान म्हणजे दरवेशी मंडळी.

देर्विशानचं 1975 चं एक गाणं थोडं थांबून सांगायला हवं. एका गॅरेजात काम शिकणारा पोऱ्या आहे. एक श्रीमंत मुलगी गाडी दुरुस्तीला आणते आणि हा तिच्यावर जीव टाकतो. कादंबरीत असं घडलेलं त्याने वाचलंय, मग इथे का घडू नये? गाडी न्यायला ती येणार त्या दिवशी तो नीटनेटका होऊन, केस विंचरून उभा राहतो, दार उघडून धरतो. ती भुवया वर करून विचारते, हा उनाड कोण? गाडी निघून जाते. मग उस्ताद पाठीवर हात ठेवतो आणि सांगतो, विसर ती पुस्तकं. कामगार आहेस, कामगारच राहा, डांगरी चढव. गाण्यात घोषणा एकही नाही. पण इस्तंबूलच्या झोपडवस्त्यांत खेड्यांतून येऊन राहिलेल्या लाखोंना आपण कुठे उभे आहोत ते या चार-पाच मिनिटांत कळलं. काराजाची इतर राजकीय गाणी बाजूला ठेवावी लागली, तरी हे एक मी ठेवेन.

पुढे घोषणाही आल्या. ‘गरिबी हे नशीब असू शकत नाही’ या नावाचा अल्बम 1977 चा. त्याच वर्षी त्याने ‘1 मे’ हे कामगारगीत रेकॉर्ड केलं. मॅक्झिम गॉर्कीच्या ‘आई’ या कादंबरीवरून जर्मन नाटककार ब्रेख्तने जे नाटक लिहिलं, त्याच्या अंकारातल्या प्रयोगासाठी सारपेर ओझसान यांनी हे गीत रचलं होतं. त्या वर्षीच्या 1 मे रोजी इस्तंबूलच्या ताक्सिम चौकात दिस्कने बोलावलेल्या प्रचंड सभेवर गोळ्या झाडल्या गेल्या. चेंगराचेंगरी झाली. अधिकृत आकड्यानुसार 34 माणसं मेली, आणि गोळ्या झाडणाऱ्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. त्यानंतर डाव्या आणि उजव्या गटांत रोज रस्त्यावर खून पडू लागले. 1978 मध्ये काराजाने एदिरदाहान नावाचा बँड काढला. पश्चिमेच्या एदिर्नेपासून पूर्वेच्या आर्दाहानपर्यंत, म्हणजे अख्खा देश त्या एका शब्दात बसवला होता. 1979 मध्ये तो पश्चिम जर्मनीला गेला.

12 सप्टेंबर 1980 ला जनरल केनान एव्हरेन यांच्या लष्कराने सत्ता हाती घेतली. साडेसहा लाख लोक पकडले गेले, 50 जणांना फाशी झाली, 14 हजारांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. काराजाला परत येऊन हजर होण्याचा हुकूम निघाला. आला असता तर थेट तुरुंग होता. त्याचे वडील 1980 मध्ये वारले, आणि त्यांच्या दफनालाही तो जाऊ शकला नाही. बापलेकातलं भांडण तिथेच अर्धवट राहिलं. 6 जानेवारी 1983 ला सरकारने त्याचं नागरिकत्व रद्द केलं. कवी नाझिम हिकमत यांच्याबाबत 1951 मध्ये हेच झालं होतं, आणि त्यांच्या कविता काराजा गात आला होता.

देशात राहिलेल्यांचं काय झालं, हेही पाहायला हवं. सेल्दा बाजान ही त्याच पिढीतली, तितकीच स्पष्ट बोलणारी गायिका. ती गेली नाही. 1981 ते 1984 या काळात तिला तीनदा तुरुंगात टाकण्यात आलं आणि 1987 पर्यंत पासपोर्ट मिळाला नाही. म्हणजे एकाला घरी येता येत नव्हतं आणि एकीला घराबाहेर पडता येत नव्हतं.

जर्मनीतली काराजाची वर्षं रडण्यात गेली, असं समजू नये. 1961 च्या करारानंतर लाखो तुर्की कामगार तिथे गेले होते. 1973 मध्ये जर्मनीने भरती थांबवली आणि 1983 च्या शेवटी तर परत जाणाऱ्याला 10,500 मार्क देण्याचा कायदाच केला. अशा हवेत 1984 मध्ये काराजाने जर्मन भाषेत अख्खा अल्बम काढला. त्याचं नाव होतं ‘कानाके’, परदेशी कामगारांना हिणवण्यासाठी जर्मन लोक वापरत तो शब्द. आम्ही कामगार मागवले होते, आली ती माणसं, हे स्विस लेखक माक्स फ्रिश यांचं वाक्य त्यातल्या एका गाण्याचा कणा आहे. गॅरेजातला पोऱ्या इथे सीमा ओलांडून आला होता. डांगरी तीच, फक्त उस्ताद जर्मन बोलत होता.

मग परतीचा भाग, ज्याच्यावरून तुर्कस्तानात अजूनही वाद होतो. 1985 मध्ये काराजाने पंतप्रधान तुर्गुत ओझाल यांच्याशी संपर्क साधला आणि 29 जून 1987 ला तो मायदेशी उतरला. डाव्या मंडळींनी त्याला ‘द्योनेक’ म्हटलं, म्हणजे पलटलेला. त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. बंडानंतरच्या लष्करी सरकारात ओझाल उपपंतप्रधान होते. ज्यांनी त्या सरकारच्या तुरुंगात मार खाल्ला, त्यांनी काराजाचा ओझालशी हस्तांदोलन करतानाचा फोटो कोणत्या मनाने पाहायचा? तरीही मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. आठ वर्षं ज्याला आपल्या भाषेच्या गर्दीसमोर उभं राहता आलं नाही, बापाच्या मातीला जाता आलं नाही, त्याने घरी येण्यासाठी दार ठोठावलं.  आल्यावर तो गप्पही बसला नाही. सत्तेवर बसून देश ओरपणाऱ्यांवर तेव्फिक फिक्रेत या कवीने 1912 मध्ये लिहिलेली कविता त्याने 1990 मध्ये गायली, आणि 1992 च्या अल्बमला नाव दिलं, ‘कुठे होतो आपण?’

चित्रपट पाहताना मला काळजी वाटते ती याच जागेची. बाप आणि मुलगा, विरह आणि परत येणं, यावर प्रेक्षक रडतो आणि रडावंच. पण परतीचा प्रसंग नुसता मायदेशाच्या मिठीचा केला, तर ती मिठी मारणाऱ्या हातांनीच आधी ढकललं होतं, हे विसरलं जातं.

8 फेब्रुवारी 2004 ला इस्तंबूलमध्ये जेम काराजा वारला. काराजाअहमेतच्या मोठ्या कब्रस्तानात त्याला मूठमाती मिळाली, आपल्या गावात आणि आपल्या देशाचा नागरिक म्हणून. नाझिम हिकमत तेव्हाही सरकारदरबारी परकेच होते. त्यांचं नागरिकत्व तुर्कस्तानने 2009 मध्ये परत दिलं, मॉस्कोत त्यांचं दफन झाल्याला 45 वर्षं उलटून गेल्यावर.