विमानाचा गंज पांढरा असतो

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भाच्याने मिराज-२००० चं मॉडेल केलं, १/७२ मापाचं. ग्वाल्हेरच्या पोराने दुसरं कुठलं विमान करायचं? १९८५ पासून हवाई दलाची ही लढाऊ विमानं तिथल्या महाराजपुऱ्याच्या तळावर आहेत. शहरातल्या लष्कर नावाच्या भागात गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकासुद्धा आवाजावरून मिराज ओळखतात. रंग छान बसला होता. मग विमान ‘लढून आलेलं’ दिसावं म्हणून साहेबांनी पंखांवर, नाकावर, शेपटीवर तांबूस गंजाचे ओघळ काढले. ‘‘मामा, खरं वाटतंय ना?’’

नव्हतं वाटत. जुन्या वाड्याचं लोखंडी फाटक वाटत होतं.

त्याची हौस मात्र मला पूर्ण कळते. डब्यातून काढून एकसारखं रंगवलेलं विमान खेळणंच दिसतं. त्यावर पंखाच्या मुळाशी मेकॅनिकच्या बुटांनी झिजलेला रंग, झाकणाखालून निघून वाऱ्याच्या दिशेने मागे ओढला गेलेला तेलाचा डाग आला, की तेच वीतभर प्लास्टिक एकदम मोठं होतं. इथे माणूस चढला होता, हे डोळा वाचतो. म्हणूनच चुकीचा डाग त्याला खुपतो.

विमानाचं अंग मुख्यतः ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं, आणि ॲल्युमिनियम तांबूस गंजत नाही. याचा अर्थ त्याला ऑक्सिजन लागत नाही असा मुळीच नाही. उलट तो लोखंडापेक्षा कितीतरी अधाशीपणे ऑक्सिजन पकडतो. ताज्या ओरखड्यावर ऑक्साइडचा थर जवळजवळ तत्क्षणी धरतो आणि काही नॅनोमीटरवर थांबतो. का थांबतो? १९२३ मध्ये पिलिंग आणि बेडवर्थ यांनी एक साधा हिशोब मांडला: धातूचा ऑक्साइड झाला की त्याचं आकारमान किती पट होतं? एकाहून कमी असेल, तर चादर अपुरी पडते आणि थर भेगाळतो. मॅग्नेशियमचं तसं होतं. दुपटीच्या वर गेलं, तर थराला जागा पुरत नाही, तो फुगतो आणि पोपडे धरतो. ॲल्युमिनियमचा आकडा सुमारे १.२८, म्हणजे सव्वापटीला थोडा वर. थर अंगाला घट्ट चिकटतो आणि खालच्या धातूला हवाच लागू देत नाही. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा दुपटीहून फुगीर. पोपडा सुटला की खालचं लोखंड उघडं, की पुन्हा गंज. (हा हिशोब ढोबळ आहे. गंजात पाणी आणि विद्युत्-रसायन आलं की तो अपुरा पडतो, पण त्या वाटेला गेलो तर विमान राहील बाजूला.)

हे कवच अभेद्य नाही. हिंडालियमच्या पातेल्यात चिंचगुळाची आमटी केली की पातेलं आतून लख्ख होतं, ते आम्लाने थर खाल्ल्यामुळे. नव्या गाडीच्या अलॉय व्हीलखाली लिंबू चिरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दृष्ट वगैरे काही नसते. सायट्रिक आम्ल मात्र असतं. मिठातला क्लोराइड तर त्याहून वाईट, तो थराला बारीक भोकं पाडतो. तिथे ॲल्युमिनियम खरोखर सडतं, पण त्याची भुकटी पांढरी-राखाडी असते. रंगाखाली ती फोडांसारखी उठते.

मग मॉडेलवर काय काढायचं? रंग उडून दिसणारी चंदेरी. त्यासाठी आधी चंदेरी रंग द्यायचा, ओलसर करून त्यावर मिठाचे खडे चिकटवायचे, वरून विमानाचा नेहमीचा रंग फवारायचा आणि वाळल्यावर मीठ चोळून काढायचं. कडा इतक्या वेड्यावाकड्या निघतात की ब्रशने जमणार नाहीत. पण जिथे धातू आहे तिथेच! मिराजच्या शेपटीच्या उभ्या पंखाचं आवरण बरंचसं कार्बन फायबरचं. तिथे चंदेरी ओरखडा आला कुठून? हसू नका, मीही एकदा मॉस्किटो या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश विमानाच्या मॉडेलवर महिनाभर खपून पंखांच्या कडा चंदेरी केल्या होत्या. ते विमान लाकडाचं होतं, प्लायवुड आणि बाल्साचं.

भाच्याला गोळ्यांची भोकंही हवी होती. बसलो हिशोबाला. जुन्या ब्रिटिश .३०३ मशिनगनची गोळी ७.७ मिलिमीटरची, भागिले ७२, म्हणजे ०.१, जेमतेम केसाची जाडी. त्याच्याकडचं सर्वांत बारीक ड्रिल ०.५ चं. त्याने पाडलेलं भोक खऱ्या विमानात ३६ मिलिमीटरचं. मिराजच्या स्वतःच्या तोफासुद्धा ३० मिलिमीटरच्या.

तो ड्रिलकडे बघत बसला. मग थिनरचा बोळा घेऊन नाकावरचा गंज पुसायला लागला.