भरभर बोलतात म्हणून कळत नाही?

परकी भाषा शिकणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते : 'वाचलेलं कळतं हो, पण ते लोक इतकं भरभर बोलतात की सगळं डोक्यावरून जातं.' वेगाचा दोष असतोच, पण सगळा नाही. त्याच वेगात आपल्या पेशातला विषय निघाला की बरंचसं कळू लागतं. कान तेच, शब्दसाठाही तोच.

मुळात बोलणं कानावर धड पडतच नाही. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, काही ध्वनी चक्क गिळले जातात. ही भोकं मेंदू बुजवतो. १९७० साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित इंग्रजी वाक्यातल्या 'लेजिस्लेचर्स' (विधिमंडळं) या शब्दातला एक 'स' कापून तिथे खोकला भरला. २० पैकी १९ श्रोत्यांना काही गाळलंय याचा पत्ताच लागला नाही. विसाव्याने दाखवलेली जागा चुकली. दुसरा प्रयोग तर भन्नाटच. इंग्रजी वाक्यातल्या एका शब्दात 'ईल'आधीचा ध्वनी झाकला. वाक्याच्या शेवटी 'अ‍ॅक्सल' (चाकाचा आस) आला तर 'व्हील' (चाक) ऐकू यायचं, 'शू' आला तर 'हील' (टाच), 'ऑरेंज' आला तर 'पील' (साल). झाकलेला शब्द तोच! अर्थ मागून येऊन आवाज ठरवतो, अशी ही उलटी गंगा.

मातृभाषेत हे आपसूक होतं. शिकाऊ श्रोत्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवणारी स्मृती, मात्र शब्द ओळखण्यातच अडकते, आणि मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या मते तिथे एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात. 'गोळी', 'सकाळ', 'उपाशीपोटी', 'रक्तदाब' हे नवख्याला चार सुटे शब्द; परिचारिकेला एकच गाठोडं. उरलेली जागा पुढच्या वाक्याला मोकळी.

विषय आधी कळायला हवा, हेही महत्त्वाचं. १९७२ मध्ये ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या संशोधकांनी कपडे धुण्यावरचा, पण कपड्यांचं नावही न घेणारा उतारा लोकांना त्यांच्याच भाषेत ऐकवला. विषय आधी सांगितलेल्यांना दुपटीने आठवलं. नंतर सांगून काडीचा फायदा झाला नाही. 'नुसतं कानावर पडू द्या, भाषा आपोआप येईल' म्हणणाऱ्या जाहिरातदारांनी हे वाचायला हरकत नाही. त्यापेक्षा बातमी आधी आपल्या भाषेत वाचून मग परक्या भाषेत ऐकावी.

परीक्षकांची मात्र पंचाईत होते. उतारा रक्तदाबावरचा असेल तर परिचारिकेचे गुण भाषेचे की पेशाचे? शिवाय भोकं बुजवणारा मेंदू अंदाजही रेटतो : 'ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका' मधलं शेवटचं 'नका' निसटलं, तर तिला सवयीचा उलटा सल्लाच ऐकू येईल, तोही अगदी स्पष्ट.