मेल फ्रॉड वेगळा, लाचखोरी वेगळी

अमेरिकेत एखादा महापौर किंवा गव्हर्नर अडकला की आपल्याकडे आरोपपत्रातला ‘मेल फ्रॉड’ वाचून बेधडक ‘टपाल घोटाळा’ असा मथळा ठोकतात. पुढे शिक्षा रद्द झाली की ‘क्लीन चिट’! पहिली चूक एकवेळ सोसता येते, दुसरी डोक्यात जाते.

लाच म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तिथं फरक एवढाच की लाचेचं मुख्य संघीय कलम, 201, संघीय अधिकाऱ्यांपुरतं आहे. राज्यातल्या आणि शहरातल्या पुढाऱ्यांना गाठायला सरकारी वकील दुसरी कलमं काढतात. त्यातलंच एक 1872 पासूनचं मेल फ्रॉडचं. टपालाचं फार मनावर घेऊ नका. फसवणुकीच्या कामी एखादं पत्र पोस्टात पडलं की पुरे, त्यात खोटं असायलाच हवं असं नाही. फोन-ईमेलसाठी वायर फ्रॉड हे जुळं कलम आहे.

खरी मेख पुढे आहे. फसवणुकीच्या कलमाला नुसता सत्तेचा गैरवापर चालत नाही. कुणाचा तरी पैसा किंवा मालमत्ता लाटायचा बेत लागतो. जनतेचा प्रामाणिक कारभाराचा हक्क यात बसत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये मॅकनॅली खटल्यात सांगितलं. अमेरिकी काँग्रेसने पुढच्याच वर्षी तो हक्क कायद्यात घातला. 2010 मध्ये स्किलिंग खटल्यात कोर्टाने तो लाच आणि किकबॅक (कंत्राटातून परत मिळणारा वाटा) यांपुरता आवळला. लाच अशी फ्रॉडच्या पोटात शिरली आणि वाचणारे गोंधळले.

आता फोर्ट ली, न्यू जर्सी, सप्टेंबर 2013. जॉर्ज वॉशिंग्टन पुलावर या गावासाठी राखलेल्या तीन लेनपैकी दोन अचानक काढून घेतल्या. चार दिवस गाव तुंबलं, शाळेच्या बस आणि रुग्णवाहिकाही अडकल्या. कारण सांगितलं वाहतुकीच्या अभ्यासाचं. खरं कारण असं की महापौरांनी गव्हर्नर क्रिस्टींना फेरनिवडणुकीत पाठिंबा दिला नव्हता. खोटेपणा सिद्ध झाला, सूडही. तरी हे घडवणाऱ्या क्रिस्टींच्या माणसांच्या शिक्षा 2020 मध्ये कोर्टाने एकमताने रद्द केल्या. कुठली लेन कुणाला द्यायची, हा नियमनाचा अधिकार, मालमत्ता नव्हे. टोलवरच्या जादा माणसांचा पगार गेला खरा, पण तो लाटण्यासाठी कुणी हा उद्योग केला नव्हता. लाच तर नव्हतीच. सत्तेचा गैरवापर झाला, असं निकालातच लिहिलंय. मग क्लीन चिट कसली?

हा निकाल मला पटतो. 2024 चा स्नायडर निकाल मात्र नाही. इंडियानातल्या पोर्टेजच्या महापौरांच्या काळात एका ट्रक कंपनीला शहराची कंत्राटं मिळाली. नंतर त्या कंपनीने त्यांना 13,000 डॉलर दिले. सल्ल्याची फी, असं त्यांचं म्हणणं. राज्यातल्या-शहरातल्या अधिकाऱ्यांच्या लाचेसाठीचं कलम 666 कामानंतरच्या बक्षिसीला लागत नाही, असं कोर्टाने 6-3 ने ठरवलं. हेच एखाद्या संघीय अधिकाऱ्याने केलं, तर कलम 201 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.