उठावाची अक्षरे: खोदीव छपाई की थर्मोग्राफी?

जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या संग्रहात उठावाची अक्षरे असलेले कार्ड आले, की ते खोदीव छपाईचेच आहे असे अनेक जण धरून चालतात आणि त्याच हिशेबाने त्याची किंमत मोजतात. प्रत्यक्षात हा उठाव दोन अगदी निराळ्या रीतींनी येतो आणि ती रीत ओळखल्याशिवाय कार्डाच्या मांडणीवर मत देणे मला रास्त वाटत नाही.

खोदीव छपाईत तांब्याच्या किंवा पोलादाच्या पट्टीवर मजकूर उलटा कोरतात, कोरलेल्या रेघांत शाई भरून पट्टीचा पृष्ठभाग पुसून घेतात आणि मग कागद तिच्यावर इतक्या जोराने दाबतात की तो त्या रेघांमध्ये शिरतो. म्हणजे शाईबरोबर कागदही वर उचलला जातो. थर्मोग्राफीत कागद सपाटच राहतो. साध्या छपाईची शाई ओली असतानाच तिच्यावर राळेची बारीक पूड टाकतात, जादा पूड काढून घेतात आणि कार्डाला उष्णता दिली, की शाईवरची पूड वितळून फुगते.

त्यामुळे पहिली परीक्षा कार्डाच्या पाठीवर होते. खोदीव कार्ड उलटे करून तिरप्या उजेडात धरल्यास अक्षरांच्या मागे हलका खोलगटपणा दिसतो. थर्मोग्राफीच्या कार्डाची पाठ सपाट असते. मात्र दोन थर चिकटवून केलेल्या जाड कार्डात ही खूण लपते, तेव्हा भिंग घ्यावे. खोदीव अक्षराची कड धारदार असते आणि शाई बहुधा निस्तेज दिसते, तर राळेचा थर बहुधा चकचकीत, कडांना गोलसर आणि संत्र्याच्या सालीसारखा किंचित खडबडीत असतो. बोटांना सराव हवा असेल तर पाचशेची कोरी नोट घ्यावी: तिच्यावरील गांधीजींच्या चित्राचा उठाव खोदीव छपाईचाच आहे. नाशिकच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापल्या जात आहेत, त्यामुळे या कलेचा उत्तम नमुना आपल्याकडे रोज हाताळला जातो.

काळ ठरवतानाही हा फरक उपयोगी पडतो. थर्मोग्राफी व्यवसायात रुळली ती विसाव्या शतकात. म्हणून राळेचा चकचकीत उठाव असलेले कार्ड कोणी एकोणिसाव्या शतकातले म्हणून विकत असेल, तर ते घेऊ नये.

तरीही थर्मोग्राफीला सरसकट नक्कल म्हणून हिणवणे मला पटत नाही. तिच्यात वेगळी पट्टी कोरावी लागत नाही, त्यामुळे बेताच्या खर्चात उठावाचे कार्ड छापून घेता येऊ लागले. दोष असतो तो रीत न ओळखता केलेल्या मांडणीत. केसासारख्या बारीक रेघांचे वळणदार अक्षर खोदीव छपाईत खुलते. तेच राळेने छापले तर रेघा जाडावतात आणि लहान अक्षरांच्या पोकळ्या बुजतात. अमेरिकन अक्षररचनाकार फ्रेडरिक गाउडी यांचा 1901 सालचा कॉपरप्लेट गॉथिक हा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे वळण, पाहा. खोदीव अक्षराचा भास व्हावा म्हणून त्याच्या टोकांना अगदी इवल्या कडा दिलेल्या आहेत. लहान आकारात राळ फुगली, की सर्वांत आधी त्याच कडा विरघळल्यासारख्या दिसतात आणि ज्या गुणासाठी हा टाइप निवडला तोच गुण हरवतो. त्याऐवजी साधे, मोकळ्या पोकळ्यांचे अक्षर घेऊन ओळींमध्ये पुरेशी जागा सोडलेले थर्मोग्राफीचे कार्ड मी केवळ प्रतिष्ठेसाठी कोरून घेतलेल्या, गिचमिड मजकुराच्या कार्डापेक्षा निःसंशय वरचे मानतो.